नंबर कसा लागतो?

'अमेरिकन निंजा वॉरिअर' या पाण्यावरचे अडथळे पार करायच्या टीव्ही स्पर्धेत मी धावून आले हे कळलं की लोक आधी त्या वाकड्या भिंतीबद्दल विचारतात. खरंच एवढी उंच असते का? असते, साडेचौदा फूट. मग पाण्याबद्दल. थंड असतं का? पहाटे असतं. पण विचारणारा स्वतः कधी कुठल्या स्पर्धेत उतरलेला असला, की तो या प्रश्नांच्या वाटेला जात नाही. तो विचारतो, "धावायचे नंबर कसे लावतात? चिठ्ठ्या टाकतात का?"

चिठ्ठ्या टाकत नाहीत. काय करतात ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण टीव्हीवर बघून ते कळायची सोय नाही.

मी मूळची सांगलीची. शाळेत असल्यापासून दोरीच्या मल्लखांबावर. मुलग्यांनी खांबावर आणि मुलींनी दोरीवर, अशी आमच्या व्यायामशाळेत सरळ वाटणी होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलं की टेबलावर एक स्टीलचा डबा, त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. पहिला नंबर निघाला की तोंड पडायचं. पहिल्या मुलीला परीक्षक हात राखून गुण देतात. पुढे कोण काय करणार ते त्यांना तरी कुठे ठाऊक असतं? शेवटचा नंबर आला तर बसून बसून अंग गार पडायचं. मधला कुठला तरी मिळावा म्हणून आम्ही डब्यात हात घालताना डोळे मिटायचो. सर म्हणायचे, "नंबर कुठला का येईना, दोर तोच आहे."

निंजाच्या कोर्सवर गुण देणारा परीक्षक नसतो. घड्याळ असतं आणि खाली पाणी. किती अडथळे पार केले आणि किती वेळात, एवढाच हिशेब. तेव्हा आधी धावलं काय आणि नंतर धावलं काय, फरक कशाला पडेल, असं कुणालाही वाटेल. माझ्या गाठीला तर सरांचं वाक्य होतं.

हा कार्यक्रम मूळचा जपानी. 'सासुके' नावाने तो 1997 साली टीबीएस वाहिनीवर सुरू झाला. तिथे क्रमाचा मामला उघड असतो. शंभर स्पर्धक, प्रत्येकाच्या अंगावर नंबर, आणि सगळ्या देशाला ठाऊक असतं की शंभरावा नंबर हा मानाचा. सुरुवातीला नवखे, हौशी, विनोदी वेश करून आलेले; मोठी नावं नव्वदीच्या पुढे. म्हणजे नंबर वाचला की माणसाची पत कळते. अमेरिकन आवृत्ती 2009 मध्ये आली आणि तिने ही पद्धत काही उचलली नाही. इथे अंगावर नंबर नसतो. टीव्हीवर नाव, वय, व्यवसाय आणि गाव दिसतं. कितवा, ते दिसत नाही.

मी अर्ज रीतसर केला होता. लांबलचक प्रश्नावली आणि सोबत व्हिडिओ. व्हिडिओत तुम्ही किती जोर काढता हे थोडंफार असतं, पण मुख्य म्हणजे तुम्ही कोण आहात. आजारातून उठलात का, कुणासाठी धावताय, घरी कोण आहे. मी न्यू जर्सीत बसून दोरी, सांगली, साडी नेसून दोरीवर चढणारी माझी आत्या असं सगळं सांगितलं (आत्या खरंच चढायची, पण साडीत नव्हे, ते नवऱ्याने घुसडलेलं मी कापून टाकलं). बोलावणं आलं नाही. एका शहराच्या फेरीला बोलावलेले स्पर्धक शंभराच्या आगेमागे, अर्ज करणारे हजारोंनी. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या वर्षांत आणखी एक दार होतं. 'वॉक-ऑन'ची रांग. बोलावणं नसलेल्यांनी चित्रीकरणाच्या जागेबाहेर येऊन थांबायचं. रात्री वेळ उरला तर त्यांतल्या काहींना धावायला मिळायचं. किती जणांना, ते आधी कुणी सांगत नसे. एकालाही नाही, असंही होऊ शकतं, हे मात्र स्पष्ट सांगितलेलं असायचं. आता ती रांग राहिलेली नाही, पण होती तेव्हा लोक तंबू ठोकून दिवसच्या दिवस राहायचे. काही शहरांत तर आठवड्यांच्या हिशेबाने. शहर मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर माझ्यामागून धावलेली एक बाई ओळखू येईल, आणि तिला न विचारता तिची गोष्ट मी सांगू नये.

आमची रांग आम्हीच चालवायचो. सगळ्यांत आधी आलेल्या माणसाकडे एक शंभर पानी वही. आलं की त्यात नाव लिहायचं, तोच आपला नंबर. दिवसातून काही वेळा हजेरी. हाक मारली आणि तुम्ही नसलात तर नाव खोडून तळाला. अंघोळीला जायचं तर शेजारच्याला सांगून, ठरलेल्या वेळात परत. वही सांभाळणारा अग्निशमन दलातला होता, आणि रेशनच्या दुकानदाराने कार्ड तपासावं तसा तो नावं तपासायचा. कुणी मित्राला मध्ये घुसवायचा प्रयत्न केला की वही मिटून फक्त बघायचा. घुसणारा आपणहून मागे जायचा.

सगळ्या प्रकरणात नंबर लावण्याची जर कुठली स्वच्छ पद्धत मी पाहिली असेल, तर ती ही. जो आधी आला तो आधी. कोण किती तगडा, कुणाची कहाणी किती हृदयद्रावक, याचा संबंध नाही. आमच्यात एक मुलगा होता, पुलावर एका हाताने लोंबकळून दुसऱ्या हाताने केळं सोलून खायचा. त्याचा नंबर माझ्या बराच मागे होता. का, तर त्याची बस उशिरा आली.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारी आतल्या माणसांनी येऊन आमच्या वहीवरूनच नावं घेतली. वरची काही नावं आत, बाकीच्यांनी आणखी थांबा. मी आत गेले. कागदांवर सह्या. मग सूर्य कलायच्या सुमाराला सगळ्या स्पर्धकांना कोर्सवरून फिरवतात. फिरवतात म्हणजे बाजूबाजूने. हात लावायचा नाही. प्रत्येक अडथळ्यापाशी थांबून एक माणूस नियम सांगतो. इथे पाय टेकला तर चालेल, इथे टेकला तर बाद, ही कड धरायची नाही, हे असं दोन्ही हातांनी. आधी कोर्सवर चाचणी घेतलेले स्थानिक खेळाडू एकेक अडथळा करून दाखवतात. कुणाचाही हात त्या दिवसापर्यंत त्या कड्यांना लागलेला नसतो. बोलावलेल्यांचाही नाही, आमचाही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. क्रमाचं महत्त्व तिथूनच सुरू होतं.

मी चौकशी केली. यादी कुठे लावली आहे? एका मुलीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लावत नाहीत. हाक मारतात."

यादी असते. कानात यंत्र घातलेल्या माणसांच्या हातातल्या क्लिपबोर्डवर असते. आपल्याला त्यातली फक्त पुढची चार-पाच नावं कळतात, कारण त्यांना आत बोलावून उभं करतात. माइक लावतात, हाताला खडूची पूड, मग पायऱ्यांशी. त्यापलीकडे पुढे कोण, ते बोलावलेल्यांनाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आठला तयार बसलेला माणूस रात्री दोनला धावताना मी पाहिला. मध्ये त्याने अंग गरम केलं, गार होऊ दिलं, पुन्हा गरम केलं, एकदा खुर्चीत घोरला.

मग मी जाळीला टेकून बघत राहिले, आणि रात्र पुढे सरकली तसा त्या यादीचा ढंग हळूहळू ध्यानात यायला लागला. नावाजलेले खेळाडू एका पाठोपाठ एक येत नव्हते. ते रात्रभर पेरलेले होते. सलग काही जण दुसऱ्या-तिसऱ्या अडथळ्यावर पाण्यात गेले की थोड्याच वेळात असा कुणी यायचा जो शेवटच्या भिंतीवरचा बझर दाबणार, म्हणजे कोर्स पुरा करणार, हे सगळ्यांना माहीत. बायका लागोपाठ नाहीत. एकाच धंद्यातले दोघे लागोपाठ नाहीत. ज्याच्या घरचे पाच-सहा जण सारखे शर्ट घालून आलेत त्याच्याआधी थोडी थांबाथांब व्हायची, कॅमेरा त्यांच्याकडे वळवायचा, आजींना पुढच्या रांगेत आणायचं. आजींना पहाटे तीनपर्यंत कोण ताटकळत ठेवणार? म्हणून आजीवाले लवकर.

कोर्स पुसणाऱ्यांपैकी एकाला मी विचारलं की हा क्रम ठरवतं कोण. तो म्हणाला, कार्यक्रम करणारे ठरवतात, आणि त्यांना पहाटेपर्यंत मैदान जागं ठेवायचं असतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कीर्तनातसुद्धा बुवा आख्यान कुठे थांबवायचं आणि गजर कुठे करायचा हे श्रोत्यांची पेंग बघून ठरवतात. निंजा हा खेळ असला तरी आधी कार्यक्रम आहे, आणि तसं कुणी लपवतही नाही. लपलेलं असतं ते एवढंच, की खेळणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो.

तो परिणाम तेव्हाच्या नियमातच दडलेला होता. शहराच्या पहिल्या फेरीत सहा अडथळे असायचे. पहिले तीस पुढे जायचे. बझर दाबणारे तीसपेक्षा कमी असतील तर उरलेल्या जागा 'किती लांब गेला आणि तिथवर किती लवकर पोचला' यावर. आणि 2017 पासून आणखी एक सोय: पहिल्या तिसात नसल्या तरी पहिल्या पाच बायका पुढे जायच्या. शहराच्या पहिल्या फेरीला वेळेची मर्यादा नसायची. म्हणजे हवा तेवढा दम खा. पण पडलात तर मात्र तुम्ही त्या अडथळ्यापर्यंत किती सेकंदांत आला होतात, तेच तुमचं नशीब.

आता विचार करा. सूर्य मावळताच धावणाऱ्याने काय करावं? सावकाश जावं की झपाट्याने? कोर्स सोपा निघाला आणि पस्तीस जणांनी बझर दाबला, तर सावकाश जाणारा बाहेर. कोर्स अवघड निघाला तर घाई करणारा उगाच दुसऱ्या अडथळ्यावर घसरून बसला. हे त्याला कळायला मार्गच नाही, कारण त्याच्याआधी कुणी धावलेलंच नाही. तिसऱ्या अडथळ्याचा दांडा किती झुलतो, कडं सोडायचं ते झोका पुढे जाताना की परत येताना, हे तो स्वतःच्या अंगावर शिकतो. रात्री अकराला धावणारा ते पन्नास जणांच्या अंगावर शिकलेला असतो. जाळीपाशी उभे राहून आम्ही हेच करत होतो. एक जण डावीकडून गेला, पडला. दुसरा डावीकडून गेला, पडला. तिसऱ्यापासून सगळे उजवीकडून.

फोन आत नेऊ देत नाहीत. माझ्याकडे मनगटी घड्याळ आणि सह्यांसाठी दिलेलं बॉलपेन होतं. ते परत मागितलं नाही. मी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला फक्त बायकांचा हिशेब लिहायला लागले. एक आडवी रेघ म्हणजे एक बाई, पुढे अडथळ्याचा आकडा, त्यापुढे माझ्या घड्याळाप्रमाणे सेकंद. घामाने पुसलं जायचं, पुन्हा गिरवायचं. मध्यरात्रीपर्यंत हातावर कोपरापर्यंत रेघा. त्यातली एक भिंतीवर चढून बझर दाबून गेली होती आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं होतं. 2014 साली डॅलसमध्ये पाच फुटांची केसी कॅटान्झारो भिंत चढली तोवर पात्रता फेरीत एकाही बाईला ते जमलं नव्हतं; आता जमतं, पण मैदान अजून तसंच उठतं.

पहाटे चारच्या सुमाराला माझ्या हातावरचा हिशेब असा होता: चार बायका तिसऱ्या अडथळ्याच्या पुढे. बाकीच्या सगळ्या तिसऱ्यावर किंवा त्याआधी पडलेल्या. तिसऱ्यावर पडलेल्यांपैकी सगळ्यांत लवकर तिथे पोचलेली पाचव्या जागेवर. मला काय करायचं होतं ते आता आरशासारखं स्वच्छ होतं. तिसरा अडथळा पार कर, किंवा निदान तिच्याआधी तिथे पोच. संध्याकाळी धावलेल्या एकाही बाईला स्वतःबद्दल हे माहीत नव्हतं. बोलावणं न आलेल्या, रांगेतून आत आलेल्या मला ते सेकंदासकट माहीत होतं. रात्रीच्या शेपटाला धावण्याचा हा फायदा मी घरून निघताना मोजलाच नव्हता.

तोटे मात्र अंगावर जाणवत होते. मे महिना असला तरी नदीकाठच्या गारठ्याने बोटं आखडली होती. लाकडाच्या पट्ट्यांवर, गाद्यांवर दव. दोन धावांच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन पळत येऊन पुसायची, पण पुढचा येईपर्यंत पुन्हा ओलसर. कड्यांवर शंभर जणांचा घाम आणि खडू यांचा थर. दोर तोच आहे, सर, पण आता त्याला हात लावून बघा.

आणि वर आभाळ. चित्रीकरण सूर्यास्त ते सूर्योदय चालतं. दिव्यांचा सगळा झगमगाट काळोखावर उभा असतो. उजाडलं की संपलं. म्हणून शेवटच्या तासात आमची शर्यत आभाळाशी होती. वहीचा क्रम त्यांनी पाळला, एकाचीही उलटापालट केली नाही. पण दोन धावांमधला वेळ आटत गेला. घरच्यांकडे कॅमेरा वळवणं बंद, मुलाखत बंद. हाक, माइक, खडू, जा. समालोचक मॅट आइसमन आणि अकबर बाजाबियामिला संध्याकाळपासून ओरडत होते. आता त्यांचे आवाजही चिरकले होते, पण माझं आडनाव त्यांनी दोन्ही वेळा बरोबर उच्चारलं. प्रेक्षकांतले निम्मे घरी गेलेले. उरलेल्यांनी ब्लँकेटं पांघरलेली.

पायऱ्या मी न थांबता घेतल्या. मनाशी ठरवलं होतं तसं: पहिले दोन अडथळे दम न खाता. दुसरा लोंबकळण्याचा होता. तिथे दोरीवरची बोटं कामाला आली, झोका मोजत बसावं लागलं नाही. तिसरा तोलाचा. मल्लखांबाने मला पकड दिली, कंबर दिली. हलत्या फळीवर धावायला काही दिलं नाही. अर्ध्याच्या जरा पुढे गेले आणि पाण्यात. वर आले तेव्हा आधी हात बघितला. शाई पार धुऊन गेली होती. पण माझ्या डोक्यातल्या हिशेबाने मी तिसऱ्यापर्यंत तिच्याआधी पोचले होते, बऱ्यापैकी फरकाने. काठावरच्या माणसाने टॉवेल दिला आणि वेळ सांगितली. बरोबर होतं. मी पाचवी होते.

मी पाचवी होते ती पुढच्या तीन धावांपुरती. माझ्यामागे रांगेत तीन नंबर सोडून एक बाई होती, शाळेत जिम्नॅस्टिक शिकवणारी. रांगेत तिच्याशीच माझं सगळ्यांत जमलं होतं. माझी चटणी-पोळी तिने आवडीने खाल्ली होती आणि आम्ही एकमेकींच्या अंघोळीच्या वेळा सांभाळल्या होत्या. ती आली. माझ्या धावेकडे बघून तिने तिसऱ्यावर मी गेले त्याच्या उलट्या बाजूने पाय टाकला, फळी पार केली आणि चौथ्यावर पडली. त्यानंतर थोड्याच वेळात पूर्वेला पांढुरकं झालं आणि कानात यंत्रवाल्यांनी हात हलवून संपल्याची खूण केली. केळं सोलणाऱ्या मुलाचा नंबर आलाच नाही.

तिची वेळ माझ्यापेक्षा कमी होती की जास्त याला काही अर्थ नव्हता. ती पुढे गेली होती. आमचे नंबर वहीत उलटे असते तर? तिने माझी चूक बघितली नसती, मी कदाचित तिची बघितली असती. कदाचित दोघीही तिसऱ्यावरच पडलो असतो आणि हिशेब सेकंदांवर गेला असता. मला एवढंच दिसतं की बाकी सगळं माहीत असूनही मागे एक माणूस उरलं तरी तुमची माहिती अपुरी असते. संपूर्ण माहिती फक्त शेवटच्याला. जपानी लोक शंभराव्या नंबराला मान का देतात ते मला त्या पहाटे कळलं, ओल्या कपड्यांत.

अर्थात शेवटी असण्याची किंमत कधीकधी आपल्या नव्हे तर दुसऱ्याच्या खिशातून जाते. 2015 साली लास वेगासच्या अंतिम फेरीत या कार्यक्रमाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोघे जण शेवटच्या टप्प्यापर्यंत आले. 75 फुटांचा दोर, 30 सेकंद. आधी चढला जेफ ब्रिटन. वर पोचला तेव्हा घड्याळात 29.65 सेकंद, पहिला अमेरिकन निंजा वॉरिअर तोच. मग आयझॅक कॅल्डिएरो चढला, 26.14 सेकंदांत. बक्षीस दहा लाख डॉलरचं होतं आणि ते अधिक जलद चढणाऱ्याला. ब्रिटनला 'पहिला' हा मान मिळाला, रक्कम दुसऱ्याला. दोर चढणारी म्हणून मी ती धाव बऱ्याचदा पाहिली आहे. ब्रिटन वेळेच्या आत पोचण्यासाठी चढत होता. कॅल्डिएरोपुढे गाठायला एक आकडा होता. पायाशी तीस सेकंदांचं घड्याळ असणं आणि डोक्यात दुसऱ्याची वेळ असणं यांत हातांना फरक कळतो.

क्रमातच गुण मिसळून टाकणारा एक खेळ आहे, आधुनिक पेंटॅथलॉन, म्हणजे पाच प्रकार मिळून एक स्पर्धा. त्याच्या शेवटच्या धावणे-नेमबाजीत आघाडीवरचा आधी सुटतो आणि मागचे एका गुणाला एक सेकंद या हिशेबाने मागून सुटतात. जो आधी पोचेल तो जिंकला, आकडेमोड संपली. गंमत म्हणजे पॅरिस 2024 नंतर याच खेळातून घोडेस्वारी काढून तिथे निंजासारख्या अडथळ्यांची शर्यत आणली आहे. ऑलिम्पिकमध्ये मात्र आजी कुठे बसली आहे हे बघून क्रम लावता येणार नाही. आणि खुद्द निंजा कार्यक्रमानेही 2025 च्या सतराव्या पर्वात वेगासची अंतिम फेरी दोघांना शेजारी-शेजारी पळवण्यावर आणली. दोघे एकदम सुटतात, म्हणजे आधी-नंतरचा प्रश्नच मिटला. आता भांडण राहील ते कुणाची गाठ कुणाशी यावर.

आमची रात्र काही आठवड्यांनी टीव्हीवर आली. घरात एकत्र बघायला बरीच मंडळी जमली होती, सांगलीहून आई फोनवर. मी दिसले ती काही सेकंद. जाहिरातीनंतर 'दरम्यान काय झालं' म्हणून पटापट तुकडे दाखवतात, त्यात. पण त्या तुकड्यानंतर जो माणूस धावला तो प्रत्यक्षात रात्री दहाच्या आत धावला होता. म्हणजे पहाटे पाचला पाण्यात पडलेली मी टीव्हीवर त्याच्याआधी पडले. जिम्नॅस्टिकवाली तर दिसलीच नाही. शेवटच्या यादीत नाव तेवढं. आई म्हणाली, "अगं, तू चौथी-पाचवीच होतीस की! आणि आम्हाला सांगितलंस रात्रभर थांबवलं म्हणून."

तेव्हापासून मी हा कार्यक्रम वेगळ्या नजरेने बघते. धावणाऱ्याच्या मागचं आभाळ बघायचं. निळसर असेल तर संध्याकाळ किंवा पहाट. दोन्हींत फरक करायचा तर प्रेक्षकांकडे बघा. संध्याकाळी उभे असतात, पहाटे पांघरुणात. तोंडातून वाफ दिसते का? गाद्यांच्या कडा चमकतात का? स्पर्धक पहिल्या उडीआधी उजवीकडची कडी न बघता धरतो का? धरत असेल तर त्याने आधी बऱ्याच जणांना पडताना पाहिलं आहे. नवऱ्याला याचा वीट आला आहे. त्याला म्हणे फक्त कोण जिंकतं ते बघायचं असतं.

हल्ली मी शनिवारी इथल्या एका निंजा जिममध्ये मुलांना दोर शिकवते आणि जिमच्या छोट्या स्पर्धांत क्रम लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिल्या फेरीला संगणकाने उलटसुलट केलेली यादी, अंतिम फेरीला उलट्या क्रमाने, म्हणजे पहिल्या फेरीत सर्वांत वरचा सर्वांत शेवटी. यादी आदल्या रात्री दारावर लावते, सगळ्यांना दिसेल अशी. मुलांना सगळ्यांना शेवटचा नंबर हवा असतो. ती माझ्याकडे येत नाहीत, ती आयांना पाठवतात. आयांना पहिला हवा असतो, कारण धाकट्याची झोपायची वेळ झालेली असते. मागच्या वेळी एक बाबा येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, आमचे सासू-सासरे खास याच्यासाठी आलेत, त्यांना लवकर निघायचंय, बघा ना काही जमतं का. मी यादीकडे बोट दाखवलं. मग आजोबांसाठी खुर्ची आणून दिली, जाळीपाशी, जिथून तिसरा अडथळा नीट दिसतो.